माडाच्या रसाची साखर : झाड एक, वाटा दोन

माडाच्या न उमललेल्या पोयीला छेद दिल्यावर जो गोड रस पाझरतो, त्यापासून मद्य, शिरका, काकवी, गूळ आणि दाणेदार साखर असे पाच पदार्थ तयार होतात. यांपैकी दाणेदार साखर आज शहरांतील दुकानांत आरोग्यदायी नवलाई म्हणून महाग विकली जात असली, तरी तिच्यामागची विद्या जुनी असून हिंदी महासागराच्या दोन्ही काठांवर ती शतकानुशतके चालत आलेली आहे. माड, रस आणि चूल सर्वत्र सारखीच असताना एका किनाऱ्यावर हा रस मुख्यतः मद्यासाठी उतरवला गेला आणि दुसऱ्यावर साखरेसाठी, असे का घडले, हा या व्यवसायाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न आहे. कोकण, गोवा आणि जावा हे तीन प्रदेश शेजारी शेजारी ठेवून पाहिले असता त्याचे उत्तर झाडाच्या जातीत किंवा लोकांच्या आवडीनिवडीत फारसे सापडत नाही. ते करव्यवस्थेत, सरपणाच्या हिशेबात आणि उसाच्या साखरेच्या बाजारभावात सापडते.

रस उतरवण्याचे काम कौशल्याचे आणि जोखमीचे आहे. माडाच्या फुलोऱ्याला कोकणात पोय म्हणतात आणि ती फुटण्यापूर्वी एका जाड आवरणात मिटलेली असते. या अवस्थेत तिला दोरीने किंवा झावळीच्या पातीने घट्ट आवळून बांधतात, लाकडी ठोकणीने रोज हलकेच ठोकतात आणि हळूहळू खाली वाकवतात. ठोकण्याने आतील पेशी सैल होऊन रस वाहता होतो. त्यानंतर टोकाचा पातळ काप धारदार कोयत्याने काढून खाली मडके अडकवतात, आणि पुढे रोज दोन किंवा तीन वेळा झाडावर चढून जुना काप ताजा करतात, कारण जखम सुकली की रस थांबतो. एक पोय साधारण महिनाभर रस देते आणि ती संपेपर्यंत दुसरी तयार ठेवावी लागते. ज्या पोयीचा रस काढला, तिला नारळ धरत नाही, त्यामुळे माड फळासाठी राखायचा की रसासाठी लावायचा, हा निर्णय बागायतदाराला आधीच घ्यावा लागतो. कोकणात हे काम परंपरेने भंडारी समाजाकडे राहिले आणि गोव्यात ते करणाऱ्याला रेंदेर म्हणतात. ताज्या, न आंबलेल्या रसाला नीरा म्हणण्याची रीत आहे; आंबलेला रस म्हणजे कोकणातली माडी आणि गोव्यातला सूर.

नीरेपासून साखर करण्यातील खरी अडचण वेळेची आहे. ताज्या रसात सुमारे १४ ते १७ टक्के साखर असते आणि ती बहुतांशी सुक्रोज, म्हणजे उसात असते तीच स्फटिकरूप होणारी साखर असते. परंतु हवेतील आणि मडक्याला चिकटून राहिलेली यीस्ट व जिवाणू रसात शिरताच काही तासांतच सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या शर्करांत विघटन सुरू होते आणि त्यांचे पुढे मद्यार्कात व आम्लात रूपांतर होते. या दोन शर्करा रसात वाढल्या की पाक कितीही आटवला, तरी तो चिकट काकवीच राहतो आणि दाणा धरत नाही. म्हणून साखर करणाऱ्या प्रत्येक प्रदेशाने आंबणे रोखण्याची काही ना काही युक्ती शोधलेली दिसते. मडके धुऊन धुरी देणे ही एक, आणि आतून चुन्याची निवळी फिरवणे ही दुसरी व अधिक प्रभावी युक्ती होय, कारण चुन्यामुळे रसाचे आम्ल वाढत नाही व सूक्ष्मजीवांची वाढ मंदावते. जावात चुन्याच्या जोडीला मँगोस्टीन या फळाची साल किंवा फणसाच्या लाकडाचे तुकडे भांड्यात टाकण्याची प्रथा आहे आणि अशा मिश्रणाला तेथे ‘लारू’ म्हणतात.

खाली आणलेला रस गाळून उथळ कढईत किंवा काहिलीत लगोलग आटवायला घेतात. वर येणारी मळी काढत राहिले, की रस प्रथम पिवळसर, मग तांबूस होतो आणि त्याचे बुडबुडे जड होऊ लागतात. तापमान ११५ ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले आणि पाकाचा थेंब पाण्यात टाकल्यावर त्याची घट्ट गोळी झाली, की काहील उतरवतात. पुढची कृती कोणती, यावर पदार्थ ठरतो. पाक तसाच साच्यात ओतला तर गुळाची ढेप होते. तोच पाक लाकडी उलथण्याने अखंड घोटत राहिला, तर थंड होताना त्यात असंख्य बारीक स्फटिक एकाच वेळी जन्म घेतात, एकमेकांना जुळून मोठा खडा होण्याआधीच मोडले जातात आणि पाहता पाहता पाकाची भुरभुरीत रवाळ साखर होते. ती चाळून, गुठळ्या फोडून आणि पुन्हा वाळवून साठवतात. उसाच्या पांढऱ्या साखरेप्रमाणे येथे काकवी यंत्राने वेगळी केली जात नाही, त्यामुळे रंग, वास आणि क्षार दाण्यातच राहतात. शास्त्रीय दृष्टीने ही साखर म्हणजे दाणेदार स्वरूपातला गूळच होय. एक किलो साखरेसाठी साधारण सहा ते आठ लिटर रस लागतो, म्हणजे उरलेले सारे पाणी सरपण जाळून उडवावे लागते. हा खर्च पुढच्या इतिहासात पुन्हा पुन्हा आडवा येतो, कारण रस आंबवून विकायला काडीचेही सरपण लागत नाही.

पश्चिम किनाऱ्यावरील माडाच्या बागांचा कोरीव पुरावा फार जुना आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील लेण्यांतील शिलालेखात नानंगोल गावातील बत्तीस हजार नारळीच्या झाडांच्या दानाचा उल्लेख आहे आणि दान घेणाऱ्यांत शूर्पारक, म्हणजे आजच्या सोपाऱ्याजवळ राहणाऱ्या चरक पंथीयांचाही समावेश आहे. हा लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा मानला जातो. त्यात रसाविषयी काही नाही. परंतु माडांची बाग ही दान करण्याजोगी उत्पन्नाची मत्ता त्या काळी झालेली होती, एवढे त्यावरून निश्चित होते.

रस आटवून गोड पदार्थ करण्याचे तपशीलवार वर्णन चौदाव्या शतकात इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने दिले आहे. अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील धोफार येथे भारतीय नारळाची झाडे पाहून त्याने माडापासून ‘मध’ कसा करतात, हे सांगितले आहे: माणसे सकाळ-संध्याकाळ झाडावर चढतात, फुलोऱ्याचा देठ कापून त्याला छोटे भांडे बांधतात, प्रत्येक फेरीत थोडा काप ताजा करतात आणि जमलेला रस द्राक्षाच्या रसाप्रमाणे आटवतात. हा मध भारत, येमेन आणि चीनचे व्यापारी विकत घेऊन जातात व त्याची मिठाई करतात, असेही तो नोंदवतो. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. रस उतरवण्याची रीत तेव्हाही आजच्यासारखीच होती, आणि माडाचा गोडवा हा गावापुरता पदार्थ नसून समुद्रमार्गे जाणारा व्यापारी माल होता.

सोळाव्या शतकातील गोव्याविषयी अधिक जवळचे साक्षीदार मिळतात. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे, मुंबई बेटही काही काळ त्याच्याकडे मक्त्याने होते, आणि भारतातील औषधी द्रव्यांवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. माडावरील प्रकरणात तो फळासाठी राखलेली झाडे आणि सुरेसाठी लावलेली झाडे वेगळी सांगतो आणि सुरेपासून ऊर्ध्वपातनाने होणारे मद्य, शिरका व गूळ यांची नोंद करतो. त्याच्यानंतर दोन दशकांनी गोव्यात आलेला डच प्रवासी लिन्शोतेन याने १५९६ च्या आपल्या ग्रंथात या गुळाचा उल्लेख करताना एक मोलाची गोष्ट सांगितली आहे. तो म्हणतो, की माडाच्या रसाची ही साखर रंगाने तपकिरी असल्यामुळे आणि भारतात पांढरी साखर विपुल मिळत असल्यामुळे तिला फारशी किंमत नाही. उसाच्या साखरेशी स्पर्धेत माडाची साखर मागे पडते, ही गोष्ट म्हणजे कारखान्यांच्या युगाच्या कितीतरी आधीपासून चालत आलेला बाजाराचा निवाडा होता.

तरीही गोव्यात माडाचा गूळ टिकला, कारण त्याला स्वयंपाकघरात निश्चित जागा होती. साच्यात ओतून निमुळत्या आकाराचे केलेले हे काळसर गुळाचे खडे दोदोलसारख्या गोड पदार्थांना जो रंग आणि जी चव देतात, ती उसाच्या गुळाने येत नाही, अशी तेथील सुगरणींची समजूत आजही आहे. परंतु रेंदेराच्या उत्पन्नाचा मोठा भाग सूर आणि तिच्यापासून गाळलेले मद्य यांतून येत असे आणि सरकारी महसुलाचा डोळाही तिकडेच होता. गुळावर कर बसवून तिजोरी भरत नाही. मद्यावर बसवून भरते. या साध्या हिशेबाने पुढील तीन शतकांत माडाच्या रसाचे भवितव्य ठरत गेले.

ब्रिटिश मुंबई इलाख्यात हा हिशेब कायद्याच्या भाषेत उतरला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने, म्हणजे मादक द्रव्यांवरील कराच्या कायद्याने, माड, ताड, शिंदी किंवा कोणत्याही तालवृक्षाचा रस, तो आंबलेला असो वा नसो, ‘ताडी’ याच व्याख्येत घातला आणि परवान्याशिवाय झाड छेदण्यास मनाई केली. यामुळे गूळ करण्यासाठी सकाळी उतरवलेला गोड रस आणि संध्याकाळी गुत्त्यात जाणारा आंबलेला रस कायद्याच्या नजरेत एकच ठरले. कर झाडागणिक भरायचा असल्यामुळे ज्या झाडावर कर भरला, त्याच्यापासून सर्वाधिक पैसा देणारा पदार्थ काढणे भागच पडले, आणि तो पदार्थ अर्थातच मद्य होता. जो गरीब भंडारी दोन-चार झाडांचा रस घरच्या चुलीवर आटवून गूळ करत असे, त्याला हा कर परवडण्याजोगा नव्हता. मक्ते आणि मोठे परवाने भांडवलवाल्यांकडे गेले व झाडावर चढणारा माणूस त्यांचा मजूर झाला.

त्याच वर्षाच्या २६ डिसेंबरला ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात व्यापारविषयक तह झाला आणि १८८० पासून बारा वर्षे तो अमलात राहिला. मिठाच्या उत्पादनावरील नियंत्रण हा त्याचा सर्वांत गाजलेला भाग असला, तरी मुंबई इलाख्यातील अबकारी पद्धतीशी गोव्याची पद्धत जुळवण्याची अटही त्यात होती, कारण गोव्यातील स्वस्त मद्य सीमेपलीकडे येऊ नये, अशी मुंबई सरकारची इच्छा होती. अशा रीतीने सावंतवाडीच्या दोन्ही बाजूंचा माड एकाच प्रकारच्या महसुली नजरेखाली आला. या धोरणाने माडाच्या गुळाचा थेट निषेध कोठेही केला नाही. त्याने गुळाला मद्याइतकेच महाग करून ठेवले आणि परिणाम बंदीसारखाच झाला.

जावामध्ये याच शतकात इतिहासाने वेगळे वळण घेतले. १८११ ते १८१६ या काळात तेथे ब्रिटिश लेफ्टनंट गव्हर्नर असलेल्या स्टॅम्फर्ड रॅफल्सने १८१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जावाच्या इतिहासात म्हटले आहे, की उसाची साखर व्यापारासाठी प्रामुख्याने चिनी कारखानदार करतात आणि स्थानिक लोक स्वतःसाठी जी साखर वापरतात, ती अरेन व इतर तालवृक्षांपासून काढलेली असते. १८३० मध्ये डच सरकारने सक्तीच्या लागवडीची पद्धत सुरू केली, खेड्यांच्या भातजमिनीचा एक भाग उसाखाली आणला आणि जावा जगातील मोठ्या साखर निर्यातदारांपैकी एक बनला. पण ही पांढरी साखर जहाजांवर चढत होती; खेड्यातल्या चुलीवर माडाचाच गूळ शिजत होता. ज्या उसाने भारतात माडाच्या साखरेला बाजारातून हटवले, तोच ऊस जावात परदेशी बाजाराकडे वळल्यामुळे घरगुती बाजार माडाला मोकळा राहिला, हा या इतिहासातील सर्वांत लक्षणीय विरोधाभास आहे. शिवाय जावातील बहुसंख्य समाज मुस्लिम असल्यामुळे रस आंबवून विकण्याला सामाजिक मान्यता मर्यादित होती आणि गोड रस गोडच ठेवणे हीच कुटुंबाची रोजची गरज ठरली.

मध्य जावातील बन्यूमास, पुरबालिंगा, केबुमेन आणि योग्यकर्त्याजवळचा कुलोन प्रोगो हे जिल्हे आजही या व्यवसायाचे केंद्र आहेत. तेथे रस उतरवणाऱ्याला ‘पेंदेरेस’ म्हणतात. तो पहाटे आणि दुपारनंतर वीस-तीस माडांवर चढून बांबूच्या नळकांड्यांत किंवा अलीकडे प्लॅस्टिकच्या डब्यांत जमलेला रस उतरवतो आणि त्याची पत्नी तो चुलीवर आटवते. नारळाच्या अर्ध्या करवंटीत किंवा बांबूच्या कड्यात ओतून केलेला गूळ ‘गुला जावा’ म्हणून ओळखला जातो; तर दाणेदार साखरेला ‘गुला सेमुत’, म्हणजे मुंग्यांची साखर, असे नाव आहे, कारण तिचे कण मुंग्यांच्या वारुळाभोवतीच्या मातीसारखे दिसतात. गुला सेमुत थेट रसापासूनही करतात आणि तयार गूळ पुन्हा वितळवून, घोटूनही करतात. १९९५ च्या इंडोनेशियाच्या राष्ट्रीय मानकात साच्यातील गुळासाठी जास्तीत जास्त १० टक्के आणि दाणेदार साखरेसाठी ३ टक्के पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे. हा फरकच दाणेदार साखरेच्या व्यापारी यशाचे कारण आहे: कोरडा दाणा दमट हवेत गुळाइतका लवकर पाझरत नाही, जास्त दिवस टिकतो, तोलायला सोपा असतो आणि जहाजाने दूर पाठवता येतो. एकविसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतून सेंद्रिय मालाची मागणी वाढली, तेव्हा जावातील खेड्यांकडे विद्या, हात आणि चुली आधीच तयार होत्या.

भारतात या रसाला मद्यापासून सोडवण्याचा संघटित प्रयत्न राष्ट्रीय चळवळीच्या काळात झाला. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने, ज्याचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा होते, ताडगुळाला आपल्या प्रमुख उद्योगांत स्थान दिले आणि गजानन नाईक यांनी त्या कामाला वाहून घेतले. पुढे ते भारत सरकारचे ताडगूळविषयक सल्लागार झाले. कुमारप्पांचा युक्तिवाद आर्थिक होता. ऊस चांगली जमीन आणि भरपूर पाणी खातो, तर ताड-माड बांधावर, वाळूत किंवा पडीक जमिनीत वाढतात. तेव्हा देशाची गोडाची गरज झाडांवरून भागवली, तर उसाखालची जमीन धान्याला मोकळी होईल. त्याच सुमारास मद्रास इलाख्यातील सेलम जिल्ह्यात १९३७ मध्ये दारूबंदी सुरू झाली आणि बेकार होणाऱ्या ताडी काढणाऱ्यांना गूळ करण्यासाठी गोड रस काढण्याचे परवाने देण्यात आले. दारूबंदी आणि गूळ यांची ही सांगड पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही दिसते, कारण त्यात नीरेची, म्हणजे न आंबलेल्या रसाची, स्वतंत्र व्याख्या करण्यात आली. ७१ वर्षांपूर्वीच्या कायद्याने पुसलेला भेद कागदावर पुन्हा आला. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरील नीरा विक्री केंद्रे ही त्या धोरणाची सर्वांना ठाऊक असलेली खूण होय.

परंतु नीरा पेय म्हणून टिकली, साखर म्हणून नाही. परवाना, तपासणी आणि वाहतुकीचे निर्बंध कायम राहिले, कारण सकाळची नीरा दुपारी माडी होते आणि हा बदल रोखणे निरीक्षकाच्या हाती नसते. दुसरे आणि अधिक निर्णायक कारण घाटावर घडत होते. १९३२ च्या संरक्षक जकातीने देशातील साखर कारखानदारीला आधीच बळ दिले होते. १९५० मध्ये अहमदनगर जिल्ह्यात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढील दशकांत महाराष्ट्राचे राजकारण व अर्थकारण उसाभोवती फिरू लागले. कालव्याचे पाणी, सहकारी कर्ज आणि सरकारी हमी यांच्या आधाराने तयार होणाऱ्या साखरेपुढे, रोज तीनदा झाडावर चढून आणि सरपण जाळून मिळणाऱ्या माडाच्या साखरेचा टिकाव लागणे शक्य नव्हते. कुमारप्पांचा प्रश्न मात्र कोरड्या वर्षात दरवेळी नव्याने उभा राहतो, आणि मराठवाड्यातील उसाच्या पाण्यावरची चर्चा हे त्याचेच आजचे रूप आहे.

गेल्या दोन दशकांतील पुनरुज्जीवनाला दोन गोष्टींनी चालना दिली. पहिली म्हणजे आरोग्याचा दावा. फिलिपिन्समधील अन्न व पोषण संशोधन संस्थेने माडाच्या साखरेचा ग्लायसेमिक निर्देशांक, म्हणजे खाल्ल्यानंतर रक्तातील साखर किती वेगाने वाढते याचे मान, ३५ असल्याचे जाहीर केले आणि विक्रेत्यांनी तो आकडा डोक्यावर घेतला. सिडनी विद्यापीठाच्या चाचणीत मात्र तो ५४ आला. या साखरेचा मुख्य घटक सुक्रोजच असल्यामुळे मधुमेहींनी ती बिनदिक्कत खावी, असे म्हणायला आधार नाही. दुसरी आणि टिकाऊ गोष्ट म्हणजे थंडाव्याचे तंत्र. कासरगोड येथील केंद्रीय रोपवन पिके संशोधन संस्थेने पोयीखाली बांधण्याची बर्फाची बंद पेटी तयार केली. तिच्यात रस थंड राहतो, चुन्याशिवायही आंबत नाही आणि किडे-मुंग्यांपासून सुरक्षित राहतो. अशा रसाला संस्थेने ‘कल्परस’ हे नाव दिले. शतकानुशतके ज्या वेळेशी झगडा होता, ती वेळ या पेटीने वाढवून दिली. त्याच सुमारास, २०१४ मध्ये, केरळ सरकारने अबकारी नियम बदलून शेतकऱ्यांच्या संघांना नीरा काढण्याची आणि तिच्यापासून साखर करण्याची वाट मोकळी केली.

या साऱ्या इतिहासाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. माडाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या कोकणाला आणि गोव्याला परकी नव्हती. अबकारी कायद्याने गोड आणि आंबलेला रस एकाच कराखाली आणल्यामुळे आणि उसाला जमीन, पाणी व भांडवल मिळाल्यामुळे ती मागे पडली. जावाने ती टिकवली, पण तेथेही तिची किंमत झाडावरून पडणारे पेंदेरेस मोजतात, आणि नव्या पिढीतील मुले झाडावर चढायला तयार नाहीत, ही तक्रार रेंदेर आणि पेंदेरेस या दोघांच्याही गावांत सारखीच ऐकू येते. म्हणून किनारपट्टीवर हा उद्योग पुन्हा उभा करायचा असेल, तर साखरेच्या गुणांची जाहिरात पुरेशी होणार नाही. नीरेचा परवाना अबकारी खात्याच्या संशयातून सुटला पाहिजे, काहिलीसाठी स्वस्त उष्णता मिळाली पाहिजे, आणि चढणाऱ्या माणसाला विमा, सुरक्षित साधने व त्याच्या कौशल्याला साजेशी मजुरी मिळाली पाहिजे. या तीन अटी पूर्ण झाल्याशिवाय माडाची साखर श्रीमंतांच्या दुकानातली वस्तूच राहील.